उमेदवारी आणि तात्याची मिशी

तिसरी पास आहे मी. कुणी त्याच्यापेक्षा कमी म्हणलेलं मला चालत नाही. चौथीत बसलो नाही, कारण तोवर मला मिसरूड फुटलं होतं आणि शेजारी बसणारी पोरं आमच्या रेडकाएवढी होती. पण तेवढ्या तिसरीवर मी सहा वर्षं सरकारी टपाल वाटलं आणि एक पाकीट चुकीच्या दारात टाकलं नाही. सहा वर्षं, आणि तीही फुकट. त्याला तेव्हा उमेदवारी म्हणायचे.

उमेदवारी म्हणजे जागा आज रिकामी नाही, पण कधीतरी होईल. तोवर आपण रोज जायचं, काम शिकायचं आणि साहेब आला की त्याच्या नजरेत राहायचं. जागा झाली की उमेदवारांतला एक कायम करायचे. कायम झालेल्याला खाकी कपडे, चामड्याची पिशवी आणि महिन्याच्या महिन्याला पगार. न झालेल्याला काय, ते कुणी सांगत नसे आणि आम्ही विचारतही नसू.

आमचं गाव मुळशी धरणाच्या पाण्याकडेला. पोस्ट म्हणजे किराणा दुकानाच्या मागची खोली, आणि दुकानदार तोच पोस्टमास्तर. उमेदवारानं काय शिकायचं ते मास्तर ठरवायचे. पहिल्या वर्षी मी त्यांची म्हैस धुवायला शिकलो. दुसऱ्या वर्षी थैलीच्या तोंडाला लावायची लाख वितळवायला शिकलो. तिसऱ्या वर्षी एकदाचा तारखेचा ठसा हातात आला. तो मी असा मारायचो, की पुढं गुळाच्या ढेपेवर बसलेलं गिऱ्हाईक दचकायचं. मास्तर म्हणायचे, "अरे, तिकिटावर मार, टेबलावर नको." पण ठसा मारल्याचा आवाज आला नाही तर सरकारचं काम झालंय हे गावाला कळणार कसं? तो हट्ट मी सोडला नाही.

दुसरा एक उमेदवार होता, शेजारच्या वाडीचा. तो सातवी पास. आम्ही त्याला सातवीच म्हणायचो. गरीब पोरगं, बोलायचं कमी, मला दादा म्हणायचं. त्याला पत्ता घडाघडा वाचता यायचा, पण घर सापडायचं नाही. मला पत्ता वाचायला वेळ लागायचा, पण अर्धा वाचून होईस्तोवर पाय त्या घराकडं वळलेले असायचे. मुंबईच्या गिरणीतून कोण पत्र धाडतो, कुणाचं अक्षर चिलटासारखं, कोण तिकीट उलटं लावतो, सगळं मला पाठ. सातवीचा मला धाक नव्हता. धाक होता तो तात्याचा.

तात्या म्हणजे आमचा कायम रनर. दिसाआड पौडाहून थैली पाठीवर घालून आणायची आणि आमची घेऊन जायची, हे त्याचं काम. त्याची जागा रिकामी झाली तरच आमच्यातला एक कायम होणार. साठी झाली की रनरनं घरी बसायचं असा कायदा. पण तात्याला साठी काही होत नव्हती. मी उमेदवार लागलो तेव्हा त्यानं स्वतःचं वय बावन्न सांगितलं होतं. सहा वर्षांनी विचारलं तर चोपन्न. जन्माचा कागद त्याच्याकडं नव्हता, आमच्या भागात कुणाकडंच नव्हता. साहेबाच्या वहीत तात्यानं सांगितलं तेच वय.

आणि मिशी! तव्याची काजळी एरंडेलात कालवून तात्या दर सोमवारी मिशीला लावायचा. कोळशानं ओढल्यासारखी काळीभोर. पावसाळ्यात पौडाहून आला की दोन ओघळ हनुवटीपर्यंत उतरलेले असायचे, आणि तो मास्तरांना सांगायचा, "वाटंत चिखुल लई." चिखल तोंडापर्यंत कसा उडतो ते मास्तर विचारायचे नाहीत. तात्या त्यांच्या दुकानाचं सामान पौडाहून फुकट वाहून आणायचा.

मला घाई होती, ती सासऱ्यामुळं. मी उमेदवार लागलो त्याच वर्षी त्यानं पोरगी दिली, तेव्हा माझ्या बापानं सांगितलं होतं, "पोरगा इसाचा हाय, आन् पोस्टात हाय." दोन्ही गोष्टी सासऱ्यानं मनात धरून ठेवल्या. दर दिवाळीला तो यायचा, ओट्यावर बसायचा, तंबाखू मळायचा आणि विचारायचा, "जावई, झाला का कायम?" आधी घरात विचारायचा. मग ओट्यावर. पाचव्या वर्षी त्यानं पाणवठ्यावर चार बायकांदेखत विचारलं. बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हा मी ठरवलं, येती दिवाळी आपण खाकी कपड्यातच करायची.

शिवाय माझंही वय चाललं होतं. कायम व्हायला तिशीच्या आत पाहिजे. माझ्या अर्जावर सव्वीस होते, शाळेच्या दाखल्याप्रमाणे. दाखला कसा झाला तेही सांगतो. आमच्या गावात शाळा निघाली तेव्हा गुरुजींना पहिलीसाठी पोरं पाहिजे होती. ते गुराख्यांच्या मागं माळावर फिरायचे. सापडेल त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, आणि जन्मतारीख एक जून. माझा कान पहिल्या झटक्यात लागला. आई मला कळायच्या आत गेलेली. बापाला विचारलं, की मी कधी झालो, तर म्हणायचा, "झालास तवा पाऊस हुता." आमच्या भागात पाऊस नसतो कधी? मीही पुन्हा विचारलं नाही. सव्वीस तर सव्वीस.

त्या वर्षी होळीनंतर तपासणीचे साहेब आले. पुण्याचे, तरणेच, पांढरी टोपी. मी आधीच बेत केलेला. तात्या समोर उभा असताना मी त्याला पितळीत ताक दिलं, काठोकाठ. ताकाला तात्या नाही म्हणत नसे. अर्धं प्याला, पितळी खाली ठेवली, आणि पांढऱ्या ताकावर काळी मिशी तरंगत राहिली. मी पितळी उचलून साहेबांच्या अगदी नाकासमोरून नेली.

साहेब म्हणाले, "हे काय?"

तात्या म्हणाला, "भांडं नीट घासलं न्हाई, सायेब. उमेदवाराचं काम, दुसरं काय!"

साहेबांनी माझ्याकडं पाहून शेरा लिहिला, उमेदवारानं स्वच्छता पाळावी. सातवी दाराआड तोंडात धोतराचा सोगा कोंबून हसत होता. मी मात्र त्याच वेळी विचारलं, "सायेब, याचं खरं वय दाखवून दिलं तर?"

"कागद आण."

"कागद न्हाई. माणूस चालंल?"

साहेबांनी शेऱ्याची वही मिटली. "विश्वासाचा असेल तर चालेल. मी परवा पुन्हा इथूनच परतणार आहे."

माणूस म्हणजे आमची सुईण आजी. ऐंशीला टेकलेली, पोळी वाळवून ठेवावी तशी झालेली, पण जीभ कोयत्याची. गावातली निम्मी माणसं तिच्या हातून जगात आली. मी तिच्याकडं गेलो आणि विचारलं, "आजे, तात्या कवा झाला गं?"

"पयल्या पलेगाला," ती झटक्यात म्हणाली. "का? मेला का?"

मला नाचावंसं वाटलं. मी तिला पढवलं: सायेबापुढं एवढंच सांगायचं, दुसरं काही नाही. तिनं अट घातली, की चालवत नाही, तेव्हा पाठकुळी न्यायचं, आणि ठसा कसा मारतात ते दाखवायचं. दोन्ही कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी मी तिला पाठीवर घेऊन गावातून निघालो तर मागं निम्मं गाव. पोस्टाच्या दारात उतरवली. साहेब म्हणाले, "हे काय पार्सल?"

"पार्सल न्हाई सायेब, साक्षीदार हाय."

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून साहेबांना न्याहाळलं. "तू कुणाच्या हातचा रं?"

"म्हणजे?"

"तुझी सुईण कोण? बरं, ऱ्हाऊ दे. जरा चालून दाव."

लोक हसले. साहेबही हसले, आणि गंमत म्हणून खिडकीपर्यंत जाऊन आले. म्हातारी म्हणाली, "पायाळू हायेस तू. पायाकडनं आलास. आईला लई तरास दिलास."

साहेबांचं हसू थांबलं. ते खुर्चीत बसले, टोपी काढून टेबलावर ठेवली. "आई असंच सांगते," ते म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"चालीवनं. आसू दे, आता बरा हायेस."

तिथून पुढं साहेब तिला आजी म्हणायला लागले. लेखणी दौतीत बुडवून त्यांनी विचारलं, "आजी, हे तात्या केव्हा जन्मले?"

"मी नवी नवरी हुते. हळद उतारली नव्हती. पयला पलेग आला, समदं गाव माळावर झोपड्यांत. माझी सासू सुईण. मला म्हणली, चल गं, पाणी तापव. तितं ह्यो झाला. डोस्कं आसं लांबोडकं, दुध्यावानी! मी भिऊन पळाले."

खोली हसून हसून लोळायची बाकी राहिली. साहेबांनी बोटं मोजली. "एकसष्ट," म्हणाले आणि लिहिलं. तात्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी भिंतीवरच्या खुंटीकडं बघत होतो, तिच्यावर माझी पिशवी कशी दिसेल म्हणून.

तात्या गप्प राहता तर माझं काम झालं होतं. पण तो बोलला. "सायेब, म्हातारीला काय कळतंय? तिला काल काय खाल्लं ते सांगाय येत न्हाई!"

म्हातारी पेटली. "मला? काल नाचणीची भाकर आन् सुक्या मासळीचं कालवण खाल्लं. दुध्या मेल्या, माझ्या हाताखालनं गेलेलं एकूण एक पोर मला याद हाय. ह्येच घे की!" आणि तिनं बोट माझ्याकडं केलं. "धरणाचं पाणी पयल्यांदा चढलं, खालचं गाव बुडालं. त्याच पावसात ह्यो झाला. आमी समदी वर, गुरांच्या मांडवात. ह्याची आई रेडकाच्या शेजारी. माझा इळा पाण्यात गेलेला, तर ह्याच्या बापाच्या खुरप्यानं नाळ कापली मी. काय रं, खरं का न्हाई?"

आणि मी, तिसरी पास, मान हलवत होतो. बापाचं पावसाचं बोलणं जुळत होतं ना! मला वाटलं, म्हातारीची याद किती पक्की आहे हे साहेबांना आता पटणार. मी म्हणालोसुद्धा, "खुरपं अजून घरात हाय, सायेब!"

साहेबांची लेखणी थांबली होती. "धरण भरलं ते साल कागदावर आहे," ते हळू म्हणाले. पुन्हा बोटं मोजली. मग माझा अर्ज काढला. "इथं सव्वीस लिहिलंय. आजींच्या हिशोबानं एकतीस होतात."

मास्तर उगीच तराजू पुसायला लागले.

"शाळंचा दाखला हाय, सायेब," मी म्हणालो.

"दाखला आहे. पण यांचं वय मी आत्ता आजींच्या शब्दावर लिहिलं. त्यांचं एक खरं आणि एक खोटं, असं मला लिहिता येणार नाही." त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "आजींचं खरं धरलं तर हे घरी बसतील, आणि तूही. नाहीतर तू लिहून दे, की आजींना वयामुळं भान राहिलेलं नाही, मी चुकून आणलं. मग दोघं आहात तिथंच राहाल. उमेदवारी चालू. मी तुला फसवत नाही, विचार कर."

साहेब वाईट नव्हता. हे मी आजही म्हणतो. त्यानं मला दार उघडून दिलं होतं.

सही मला येत होती. मास्तरांच्या रद्दी पावत्यांच्या पाठीवर दोन वर्षं गिरवून बसवलेली, शेवटी शेपटीसारखा एक फराटा. गावात माझ्या बरोबरीचे अंगठा उमटवायचे, मी सही करायचो. मी लेखणी घेतली. म्हातारी भिंतीला टेकून मिश्री लावत होती. तिला कमी ऐकू यायचं. "काय म्हणतोय पायाळू?" तिनं विचारलं. सगळं गाव माझ्या हाताकडं बघत होतं.

तेवढ्यात तात्या माझ्या कानाशी आला. सहा वर्षांत त्यानं मला 'तिसरी' सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. आता तो लोण्यासारखा बोलला, "कर सही, बाळा. तू बी ऱ्हा, मी बी ऱ्हातो. मी किती दिसांचा सोबती हाय?" त्याला घाम सुटला होता. मिशीची काजळी ओठाच्या कोपऱ्यात उतरली होती आणि खालून पांढरं डोकावत होतं.

मी लेखणी दौतीत परत ठेवली. म्हणालो, "सायेब, म्हातारी शुद्धीवर हाय. लिवा."

गावात लोक सांगतात, मी सुईणीच्या शब्दाला जागलो. सांगू देत. ते निम्मं खरं आहे. जिनं माझी नाळ कापली ती वेडी आहे असं मी माझ्या सहीनं लिहून देणार नव्हतो, हे खरंच. पण उरलेलं निम्मंही सांगून टाकतो, आता कुणाची भीती आहे? तात्यानं कर म्हणलं नसतं तर कदाचित मी सही केलीही असती. तात्यानं सांगितलं आणि मी केलं, असं सहा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. त्या दिवशी तरी का व्हावं?

निघताना म्हातारी अडून बसली. ठसा बघायचा राहिला होता. साहेबांनी ठसा माझ्या हातात दिला. मी मास्तरांच्या रद्दी कागदावर असा मारला, की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. म्हातारी म्हणाली, "एवढंच व्हय? ह्याच्यापायी सा वर्सं?"

परत जाताना तात्या आमच्या मागून येत होता. ओढ्याशी मी दम खायला थांबलो, तर तो पुढं झाला. "आन इकडं म्हातारीला. साठी झालीय, मेलो न्हाई मी." आधी त्यानं ओढ्यात तोंड धुतलं, खसाखसा. वर आला तर मिशी बगळ्यासारखी पांढरी. त्यानं पाठीवर घेतलं तशी म्हातारीनं वाकून बघितलं. "आता कसा बापावानी दिसतोस," ती म्हणाली. तात्यानं मला एक शिवीसुद्धा दिली नाही. मला ते जास्त लागलं.

सातवी कायम झाला. दुसरा कोण होता? दसऱ्याला त्याला खाकी कपडे मिळाले, अंगापेक्षा दोन बोटं मोठे.

दिवाळीला सासरा ओट्यावर येऊन बसला. तंबाखू मळायला घेतली, विचारायला तोंड उघडलं, आणि अंगणात सातवी उगवला. चोरासारखा, कुडाच्या कडेकडेनं. पिशवीतून एक लांब पाकीट काढून माझ्या हातात सरकवायला लागला. "दादा, गुपचूप घ्या. हापिसाचं हाय."

मी पाकिटावरचं वाचलं. जरा वेळ लागला. सहा वर्षं मी या गावाची पत्रं वाटली, पण माझ्या नावानं आलेलं ते पहिलं पत्र.

मी हात मागं घेतला. "असं देतात व्हय टपाल? मी काय शिकवलं तुला? जा माघारी कुडापाशी आन् वरड."

"दादा, पावणं बसल्यात..."

"पावणं असले तरी वरडायचं. सरकारचं काम हाय."

बिचारा कुडापर्यंत गेला आणि बारीक आवाजात म्हणाला, "टपाल."

"आयकाय न्हाई आलं!"

"टपाऽऽल!"

शेजारच्या दोन घरांतल्या बाया दारात आल्या. बायको चुलीपासून उठून उंबऱ्यात आली. मी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, फोडलं आणि त्याच्याचकडं दिलं. "आता वाच. मोठ्यानं."

त्यानं वाचलं. वय एकतीस असल्याचं चौकशीत दिसून आल्यानं, वयाच्या अटीमुळं उमेदवाराच्या अर्जाचा विचार करता येत नाही. खाली साहेबांची सही. बारीक, फराटा नसलेली.

सासऱ्याच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. मी छाती काढून उभा होतो, येऊ दे काय येतंय ते म्हणून. शेवटी तो म्हणाला, "म्हंजी कायम न्हाईच?"

"न्हाई."

"त्ये ऱ्हाऊ दे." त्यानं बोटं मोजली, दोनदा. "एकतीसातनं सा गेलं, पंचीस. जावई, तुमचा बाप मला इसाचा म्हणला हुता! मी पंचीसाच्या घोड्याला पोर दिली व्हय?"

उंबऱ्यात बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. वर्षभरात ती माझ्या कुठल्या गोष्टीला हसली नव्हती. मग बाया हसल्या, सातवी हसला.

"मामा," मी म्हणालो, "मला बी होळीनंतरच कळलं."

सातवी जायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवून पिशवी बघितली. उरलेली तीन पाकिटं काढली, चालण्याच्या ओळीनं लावली, आणि वरचं कुठल्या घरी ते सांगितलं. त्याला अजून घर सापडत नव्हतं.